शून्य किमतीच्या पुस्तकाची तीन कोटेशनं

मारुतीरावांनी फेटा बांधलेला फोटो पाठवला आहे. फोटो भावाच्या लग्नातला. भाऊ कापून काढलाय, पण भावाचा खांदा राहिलाय.

प्रकरण चार, 'मुलाखत कशी घ्यावी'. प्रश्न दुसरा. त्याखाली: शेंगा खरपूस भाजून घ्या, साल काढू नका.

बेळगावच्या त्या कचेरीतल्या संगणकाला शून्य चालत नाही. शून्य घातलं की तो लाल होतो.

"ट्रक उलटलेला न्हाय. कलंडलेला. दोन्हीत फरक हाय."

खुलासा सादर करणेत येतो की, सदर दर मला परवडत नाही.

लेखक: अक्कोळ रोड मित्रपरिवार. सहकार्य: यशपाल सर.

हे सगळं एकाच पुस्तकाचं आहे. आधी काय, मग काय, अशा क्रमानं सांगायचं मी दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा मारुतीराव मध्ये आले. तेव्हा ते येणारच असं धरून सुरुवात करतो.

यशपाल सर म्हणजे मी. निपाणीच्या एका कॉलेजात पत्रकारिता शिकवतो. हुद्दा अतिथी प्राध्यापक. अतिथी म्हणजे असा पाहुणा, की ज्यानं स्वतःचा चहा स्वतः करून घ्यावा आणि जाताना कप विसळून ठेवावा. आमच्याकडं बी.ए.ला मराठी माध्यमातून पत्रकारिता हा ऐच्छिक विषय आहे. गणपती उठले आणि या 'आहे'ला धोका निर्माण झाला. विद्यापीठाचं पत्र आलं की फेब्रुवारीत समिती येईल, आणि ज्या विषयाचं त्या माध्यमातलं पाठ्यपुस्तक ग्रंथालयात नोंदलेलं नसेल तो विषय पुढच्या वर्षापासून बंद.

विषय बंद म्हणजे मी बंद, हे तर झालंच. पण आसपासच्या मुलांना मराठीतून हा विषय शिकायचा तर मग सरळ कोल्हापूरची एस.टी. धरावी लागणार होती, आणि मुलींच्या घरचे एस.टी.चं नाव काढलं की स्थळं बघायला लागतात.

प्राचार्य पत्र वाचून म्हणाले, "मग घ्या की एखादं पुस्तक."

घ्यायला पुस्तक नव्हतं. होतं ते इंग्रजी, विटेएवढं जाड, आणि त्यात पहिल्या धड्यापासून बर्फाची वादळं. वादळात महापौर काय म्हणाले, वादळात शाळा कशा बंद राहिल्या. आमच्या मुलांनी बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. बाकी सगळा कारभार नोट्सवर चाललेला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. त्यातले थोर संपादक इतके काळे झाले होते की मुलं त्यांना एकमेकांचे भाऊ समजत.

म्हणून मी ठरवलं, आपणच लिहायचं. आणि फुकट ठेवायचं. इंटरनेटवर. कुणीही वाचावं, उतरवून घ्यावं, शिकवावं, बदलावं, भर घालावी. याला मुक्त पाठ्यपुस्तक म्हणतात. जगात अशी पुष्कळ आहेत. मला हवं होतं ते मात्र त्यांत सापडलं नाही.

लिहिलं.

हा शब्द एकटाच राहू दे. पुढं इतकी गर्दी होणार आहे की तो पुन्हा दिसायचा नाही. दसरा ते दिवाळी मी लिहीत होतो, आणि उदाहरणं सगळी इथली घेतली. शीर्षकासाठी हत्तरगीच्या टोलनाक्याजवळ उलटलेला ट्रक. आर्थिक बातमीसाठी वडगावातले घरोघरचे माग. रेल्वेच्या बातमीसाठी लोंढा जंक्शन, आणि संपादकीयासाठी सांबऱ्याचं विमानतळ. बर्फ एका पानावरही नाही. मला अभिमान वाटला. तो मी चारचौघांत सांगितला, आणि तिथून सल्ले सुरू झाले.

मारुतीराव अक्कोळ रोडच्या आमच्या कॉलनीत, शेजारीच राहतात. बसस्टँडवर कंट्रोलर होते, निवृत्त झाले, पण आवाज निवृत्त झाला नाही. ते फाटकातून 'सर' म्हणाले की गल्लीतले लोक बॅग उचलतात.

"काय ओ सर, पुस्तक काढलासा म्हणं?"

"हो. मुक्त आहे. फुकट."

"फुकट?" त्यांनी आवाज उतरवला, म्हणजे पलीकडच्या गल्लीला ऐकू गेलं नाही. "फुकट कोण हातात घेणार ओ? किंमत छापा. मोठी छापा. आणि तिच्यावर काट मारा. मग बघा."

"पण किंमतच नाहीये."

"म्हणून तर काट मारायची."

गुणाबाई आक्का समोर राहतात. त्यांचा बायकांचा बचत गट आहे आणि त्या गटाची शेंगा चटणी चिकोडीपर्यंत जाते. त्या म्हणाल्या, "यशपाल, फुकट दिलेली चटणी लोक चाखत्यात आणि खारट हाय म्हणत्यात. इकत घेतलेली खारट असली तरी गुमान खात्यात. बघ बाबा तुजं तू."

माझी बायको पारमिता बँकेत आहे. ती म्हणाली, "मला एवढंच सांग, आता तरी संध्याकाळी घरी जेवायला असणार का?"

या सगळ्यांत एकच माणूस मुद्द्याचं बोलला, आणि तोही मारुतीरावच. मी त्यांना पुस्तकाचं दुसरं पान दाखवलं. 'हे पुस्तक सर्वांचे आहे. कोणीही यात बदल करू शकतो, भर घालू शकतो.'

"कुणीबी?"

"कुणीही."

"मीबी?"

"तुम्हीसुद्धा, अण्णा."

ते बराच वेळ त्या पानाकडं बघत उभे राहिले. मुक्त ज्ञानाच्या कल्पनेनं भारावलेत असं मला वाटलं. मी त्याच आनंदात घरी आलो आणि पुस्तकाची लिंक कॉलनीच्या ग्रुपवर टाकली. 'सूचना कळवाव्यात.' ती टाकताना कुणालाही लिहिता येईल असं बटण मी दाबून ठेवलं. चुकून नव्हे. तत्त्व म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी बेळगावला गेलो, कारण पुस्तक लिहिणं आणि पुस्तक ग्रंथालयात नोंदणं ही दोन वेगळी खाती आहेत. आमच्या कॉलेजची खरेदी बेळगावच्या एका कचेरीतून मंजूर होते. तिथले कारकून कल्लाप्पा. अर्ज कन्नडमध्ये पाहिजे, हे मला ठाऊक होतं. माझं कन्नड बोलायला झकास आहे. लिहायला बसलो की ते मला ओळख देत नाही. कल्लाप्पांनी माझा अर्ज बघितला, सुस्कारा टाकला, कोरा कागद घेतला आणि स्वतःच लिहायला बसले. मराठीत बोलत, कन्नडमध्ये लिहीत, मध्येच हिंदीत शिपायाला हाक मारत. अक्षर असं की वाचता आलं नाही तरी बघत बसावं.

"किंमत?"

"शून्य."

त्यांनी संगणकात शून्य घातलं. रकाना लाल झाला. पुन्हा घातलं. पुन्हा लाल.

"शून्य घेईना झालंय ओ सर. काहीतरी सांगा की."

"पण खरंच काही नाही."

"मग देणगीत दाखवू." ते थांबले. "पण देणगी कॉलेजच्या माणसाची चालत न्हाय. तुम्ही आतले."

"मी अतिथी आहे."

"अतिथी पगाराला भायेरचा, देणगीला आतला," कल्लाप्पा म्हणाले. माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं. "खरेदीतच जाऊ दे. तीन कोटेशनं आणा."

"कशाची?"

"पुस्तकाची. तीन दुकानांचे दर. जो कमी त्याला मंजुरी. नियम हाय."

मी बाजारात गेलो. माझ्याच फुकट पुस्तकासाठी माझ्याविरुद्ध बोली लावा, असं दोन पुस्तकविक्रेत्यांना समजावून सांगणं हा पत्रकारितेच्या कुठल्याही प्रकरणात न बसणारा अनुभव आहे. पहिल्यानं पुस्तक न बघताच दर लिहिला आणि वर कॉलेजसाठी खास सूट दिली. दुसरा म्हणाला, "स्टॉकमध्ये नाही, पण मागवून देऊ." तिसरं कोटेशन माझं. शून्य.

कल्लाप्पांनी तिघांचा तक्ता केला. माझा दर सगळ्यांत कमी निघाला, याचा मला क्षणभर आनंदही झाला. मग त्यांनी तक्ता आतल्या साहेबांकडं नेला आणि शेरा घेऊन आले. दर अवाजवी कमी आहे. सदर दर कसा परवडतो याचा लेखी खुलासा घ्यावा.

मी खुलासा लिहिला. तो वर आलाच आहे.

निघताना कल्लाप्पांनी तो फाइलला लावला आणि खाली बघत म्हणाले, "पुस्तकात आभारबिभार असतंय न्हवं? तिथं आमचं बी एक नाव घाला की. कल्लाप्पा. पुढं कारकून लिहू नका."

परतीच्या बसमध्ये, संकेश्वरच्या अलीकडं, फोन वाजला. पूर्णिमा. माझी विद्यार्थिनी, गळतग्याहून रोज येते, कमी बोलते.

"सर, एक विचारू? प्रकरण चारमध्ये चटणी हाय."

"काय आहे?"

"चटणी, सर. शेंगाची. पाठ करायची का?"

मी बसमध्येच पुस्तक उघडलं.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मी स्वाध्याय दिले होते आणि उत्तरासाठी टिंबटिंबांच्या रेषा सोडल्या होत्या. आमच्या भागात रिकामी रेषा दिसली की माणूस ती भरतो. रेशनकार्ड, बँक, दवाखाना, ग्रामपंचायत, जन्मभर हेच केलेलं. रेषा रिकामी राहिली तर अर्ज परत येतो हे रक्तात गेलेलं. 'तुम्ही हा व्यवसाय कसा सुरू केला?' या नमुना प्रश्नाखाली गुणाबाई आक्कांनी बचत गटाचा सगळा इतिहास लिहिला होता. पुढचा प्रश्न, 'कामाची पद्धत थोडक्यात सांगा.' तिथं शेंगा भाजत होत्या.

मी मागं गेलो, शीर्षकांच्या प्रकरणात. 'हत्तरगीजवळ ट्रक उलटला' या माझ्या उदाहरणाखाली कुणीतरी मष्णू, गॅरेजवाला, यानं लिहिलं होतं: ट्रक उलटलेला न्हाय, कलंडलेला. दोन्हीत फरक हाय. डायवर माझा मावसभाऊ. चूक रस्त्याची. त्याला अजून लोक उलट्या म्हणत्यात.

आणि मग मी ऋणनिर्देशाच्या पानावर गेलो.

इथं बाहेरच्या वाचकासाठी थोडं थांबायला हवं. आमच्याकडं लग्नपत्रिकेत नवरीचं शिक्षण चुकलं तर चालतं, मुहूर्ताची मिनिटं चुकली तर भटजी सांभाळून घेतो, पण नवऱ्याच्या मामांच्या साडूंचं नाव राहिलं तर दोन घरं पुढच्या तीन बारशांना एकमेकांकडं जात नाहीत. जत्रा असो, वाढदिवस असो, चौकात जो फलक लागतो त्यावर वर एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुक म्हणून तांदळासारखे बारके चेहरे असतात, आणि लोक मोठा चेहरा बघत नाहीत. खाली बोट फिरवत आपला शोधतात. हे सगळं ठाऊक असलेल्या गावात जन्म काढून, मी अर्ध्या पानाचा ऋणनिर्देश लिहिला होता. प्राचार्य, पारमिता, आणि नोट्सच्या झेरॉक्स काढून देणारा जोतिबा. तिघंच.

मारुतीरावांनी सुरुवात केली होती, ती अगदी सभ्यपणे. 'तसेच मारुतीराव (शेजारी).' त्याखाली बचत गट, सर्व सभासदांसह. त्याखाली दूधवाला. मग ज्यांनी पुस्तक वाचलंय ते, मग ज्यांना वाचायचं आहे ते. मग फोटो. भावाचा खांदा मी तिथंच पहिल्यांदा पाहिला. जोतिबाचं दुकान झेरॉक्सबरोबर फलकही छापतं, त्यामुळं त्यानं आपल्या धंद्याच्या सवयीनं सगळं नीट मांडून, वर झालर लावून, मुखपृष्ठसुद्धा करून टाकलं होतं. लेखक: अक्कोळ रोड मित्रपरिवार. सगळ्यांत खाली, कोपऱ्यात: सहकार्य, यशपाल सर.

सहकार्य!

अपमानाचे प्रकार असतात. कुणी पुस्तक चोरलं असतं तर मी निदान ओरडलो असतो. इथं त्यांनी ते प्रेमानं घेतलं होतं, आणि मला वगळलंही नव्हतं. निपाणी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. घरी पोचलो, चप्पल न काढता लिहिण्याची परवानगी बंद केली, सगळं पुसून जुनं पुस्तक पूर्ववत केलं आणि पारमिताला म्हणालो, "वाचवलं."

"कुणापासून?"

"लोकांपासून."

"कुणीही बदलू शकतो, असं पान दोनवर कुणी लिहिलंय?"

"ते तत्त्व आहे गं."

"मग लोकांनी तुझं तत्त्व वाचलं. बाकीचं पुस्तक वाचलं नसतं तर तुला जास्त राग आला असता." ती फोडणी टाकायला वळली. फोडणीच्या आवाजात मला सुचलेलं चोख उत्तर वाया गेलं.

सकाळी फाटक वाजलं. मारुतीराव. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. मागं गुणाबाई आक्का, त्यांच्या मागं दूधवाला, त्याच्या मागं एक अनोळखी काळसर तेलकट हातांचा माणूस, तो मष्णू निघाला, आणि आणखी बरीच मंडळी. एकामागं एक. मी घाबरलो.

"काय झालं अण्णा?"

"परवानगी मागायला आलतो," मारुतीराव म्हणाले.

"कसली?"

"पुस्तक उघडलं की मोबाइल म्हणतोय, 'परवानगी मागा'. म्हणून आलोय. मोबाइलवर मागणं बरं दिसत न्हाय." ते थोडे अडखळले. हा माणूस अडखळलेला मी कधी ऐकला नव्हता. "माझं नाव तसं घाईत घातलोतो. वडिलांचं राहिलं. ते वखारीत होते, तंबाखूच्या. त्यांचं नाव छापून कुठं आलेलं न्हाय. पुस्तकात आलं तर बरं दिसंल. तेवढंच. मग बंद करा तुमी."

मष्णू म्हणाला, "माझं आभारात नसलं तरी चालतंय सर. ट्रकाचं तेवढं ऱ्हाऊ द्या."

गुणाबाई आक्का पुढं आल्या. त्यांनी चटणीची बरणी फाटकावर ठेवली. याचा अर्थ काय, हे मी आजवर विचारलेलं नाही.

माझ्या मनात त्या वेळी दोन पुस्तकं होती. एक स्वच्छ, माझं, समितीपुढं ठेवण्याजोगं. दुसरं फाटकाबाहेर रांगेत उभं होतं. समितीनं ते दुसरं बघितलं तर विषय जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी आत गेलो आणि परवानगी उघडली. शूर वगैरे काही नाही. एवढ्या लोकांना चहा करायला घरात दूध नव्हतं, आणि दूधवाला रांगेत होता.

एक केलं मात्र. वर्गात जाऊन मुलांना सांगितलं की पुस्तकात आता जे जे कुणी लिहील ते तपासायचं काम तुमचं. खरं असेल ते ठेवा, नसेल ते त्या माणसाला जाऊन सांगा. आणि माझं स्वच्छ पुस्तक समितीसाठी पेनड्राइव्हवर वेगळं काढून ठेवलं. माणसानं तत्त्वं पाळावीत, पण एक प्रत जवळ ठेवावी.

समितीला छापील प्रत लागणार होती, कारण जे हातात धरता येत नाही ते तपासता येत नाही, असा नियम कल्लाप्पांनी फोनवर वाचून दाखवला. पेनड्राइव्ह मी जोतिबाकडं दिला. समितीच्या दिवशी सकाळी तो कॉलेजात आला, काखेत पुस्तक. इंग्रजी विटेपेक्षा जाड. मुखपृष्ठ चकचकीत, फलकाच्या कापडाचं, पावसात धुऊन निघेल असं. त्यावर सगळी कॉलनी. खांद्यासह.

"जोतिबा, हे काय रं?"

"पेनड्राइव्हात व्हायरस होता सर. मग लिंकवरनंच काढलो. ताजं हाय, सकाळपर्यंतचं." तो अभिमानानं माझ्याकडं बघत होता. "तुमचं नाव जरा मोठं केलोय."

तोवर समितीची गाडी आवारात शिरली होती.

समितीत अध्यक्ष, एक बाई आणि एक गप्प गृहस्थ. अध्यक्ष पुस्तक मागून उघडणाऱ्यांतले निघाले. चेहऱ्यांमागून चेहरे, पानांमागून पानं. प्राचार्य छताच्या पंख्याकडं बघू लागले, जणू तो त्यांनी आजच बसवला होता.

बाई म्हणाल्या, "हे पाठ्यपुस्तक आहे, की जत्रेचा फलक?"

"मॅडम, पान दोन बघा," मी म्हणालो. माझा आवाज मला मारुतीरावांच्या तुलनेत फारच किरकोळ वाटला.

त्यांनी वाचलं. "कोणीही भर घालू शकतो. म्हणून ही भर?"

"हो."

"आणि ही चटणी?"

"मुलाखतीचं उत्तर आहे ते. प्रश्न माझा आहे."

अध्यक्ष ट्रकाच्या पानावर थांबले होते. वर माझं शीर्षक, खाली मष्णूची हरकत. त्याखाली आणखी एक मजकूर होता, तो मीही पाहिला नव्हता. 'सुधारित बातमी', पूर्णिमाच्या नावानं. अध्यक्षांनी ती हळूहळू मोठ्यानं वाचली. ट्रक डाव्या बाजूला कलंडला, उलटला नाही. वळणावर खडी पसरलेली होती. चालकावर गुन्हा नोंदलेला नाही. बाहेर थांबलेल्या पूर्णिमाला बोलावण्यात आलं.

"हे तू कुणाला विचारून लिहिलंस?"

"डायवरला, सर. टोलनाक्यावरच्या एका माणसाला. आणि तिथं चहाचं हॉटेल हाय, त्या मावशींना. तिघांचं जुळलं तेवढंच लिहिलंय."

"आणि जे जुळलं नाही?"

"डायवर म्हणत होता, समोरनं गाडी आली. बाकी दोघांनी गाडी बघितलेली न्हाय. म्हणून ते घेतलं नाही. मष्णूमामा चिडलेत माझ्यावर."

अध्यक्षांनी पुस्तक मिटलं. 'जुळेल तेवढंच लिहा' हा माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा गाभा होता. मी त्यावर पाच पानं खर्ची घातली होती. ती पाच पानं गळतग्याच्या या मुलीनं हत्तरगीच्या चहाच्या हॉटेलात नेऊन वापरली होती. मला अभिमान वाटला. नेहमीचा, सल्ल्यांना आमंत्रण देणारा नव्हे. मी तो कुणाला सांगितलाही नाही. आत्ता सांगतोय.

"पुस्तक चांगलं आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण एक त्रुटी राहिली आहे."

प्राचार्यांनी पंखा सोडला.

"एवढ्या सगळ्यांची नावं आहेत, यात समितीचा उल्लेख दिसत नाही."

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. ते थट्टा करत नव्हते. मी लॅपटॉप उघडला. अध्यक्षांनी आपलं नाव आद्याक्षरांसह आणि पदव्यांसह सांगितलं. मग प्रश्न आला क्रमाचा. अध्यक्ष म्हणून ते पहिले, पण सेवाज्येष्ठतेनं बाई पहिल्या. गप्प गृहस्थ यावर पहिल्यांदा बोलले, आणि ते वयानं सगळ्यांत मोठे निघाले. पाठ्यक्रम, पानं, संदर्भ यांवर जेवढी चर्चा झाली नव्हती तेवढी यावर झाली. चहा दोनदा आला. दोन्ही वेळा मीच आणला.

शेवटी दारात उभा असलेला जोतिबा म्हणाला, "साहेब, गोल करू या की. जत्रेच्या फलकावर पंचमंडळाचं आम्ही तसंच करतो. तीन नावं गोलात. म्हंजे पहिला कोण न्हाय आणि शेवटचा बी कोण न्हाय."

समितीनं एकमेकांकडं बघितलं. समितीचा त्या दिवसातला एकमेव एकमतानं झालेला निर्णय तो. दुसरा निर्णय, विषय चालू ठेवण्याचा, त्यांनी गाडीत बसता बसता सांगितला.

कल्लाप्पांनी पुस्तकाची नोंद केली. शून्य किंमत फक्त 'इतर साहित्य' या सदरात चालते असा त्यांनी शोध लावला, त्यामुळं दप्तरी आमचं पुस्तक वर्गातल्या खुर्च्या आणि पाण्याचा फिल्टर यांच्या मध्ये आहे. आभारात कल्लाप्पांचं नाव आहे. पुढं कारकून लिहिलेलं नाही.

मारुतीरावांच्या वडिलांचं नाव पहिल्या पानावर आहे. ते बघायला त्यांचा भाऊ आला होता, आख्खा, खांद्यासकट. त्यानं आपला खांदा ओळखला आणि पूर्ण फोटोची मागणी केली. घातला. दोघं भाऊ आता फेटे बांधून शेजारी शेजारी आहेत.

लोंढ्याच्या एका शिक्षकानं पुस्तक उतरवून घेतलं. सांबऱ्याच्या एका बाईंनी त्याचं कन्नड करायला घेतलंय. त्यांनी विमानतळाचा धडा नवीन लिहिला, कारण माझ्या धड्यात विमान चुकीच्या दिशेनं उतरत होतं, आणि ऋणनिर्देश आमचा तसाच ठेवून त्याला त्यांच्या गल्लीचा जोडला. गुणाबाई आक्कांना मी विचारलं, की आता तुमची चटणी कन्नडमध्ये जाणार, चालेल ना? त्या म्हणाल्या, "न्हाय तर काय. तिकडं काय शेंगा भाजत न्हाईत व्हय?"

या वर्षी पत्रकारितेला प्रवेश घेण्यासाठी रांग लागली. ज्यांचं ज्यांचं नाव पुस्तकात आहे त्यांनी आपापल्या घरातलं कुणी ना कुणी पाठवलंय. मष्णूनं पुतणीला पाठवलं आणि दारातूनच मला बजावलं, "सर, हिला खरं तेवढंच शिकवा. पण ट्रकाच्या बाबतीत जरा आमच्याकडनं."

मोठ्या वर्गात बसायची सोय करावी लागली. बाकं कमी पडली तेव्हा प्राचार्यांनी वरच्या मजल्यावरून खुर्च्या मागवल्या, इतर साहित्यातल्या.

मागच्या जुलैत पहिल्या तासाला वर्गात पूर्णिमा एकटीच होती, आणि मी हजेरी घेतली होती.